काजू एक, भाव दहा

(मालवण येथील जाहीर व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्यातला ओघ तसाच ठेवला आहे. मथळे वाचकांच्या सोयीसाठी नंतर घातले आहेत.)



आजचा विषय तुमच्या रोजच्या पाहण्यातला आहे. मालवणच्या बाजारपेठेत काजूच्या कुठल्याही दुकानात जा. समोर बरण्या मांडलेल्या असतात. एकीत मोठे पांढरे गर, शेजारी जरा लहान, मग पाकळी, मग तुकडा, मग सालीसकट भाजलेला. प्रत्येक बरणीवर वेगळा भाव. सगळ्यात वरच्या आणि सगळ्यात खालच्या बरणीत दुपटीचं अंतर सहज निघतं. मुंबई-पुण्याचा पर्यटक विचारतो, यातला चांगला कुठला? दुकानदार मोठ्या गराकडे बोट दाखवतो.

त्याच वेळी कट्ट्याच्या नाहीतर कुडाळच्या बाजूला एखादा बागायतदार काजू बीची पोती घेऊन व्यापाऱ्याकडे येतो. त्याला मात्र सरसकट एक दर. पोत्यात बी मोठी आहे की बारीक, भरलेली आहे की पोचट, हे व्यापारी मूठभर बी हातात घेऊन अंदाजाने बघतो. पुढे वजन गुणिले दर, आणि व्यवहार संपला.

म्हणजे दुकानात एका काजूचे दहा भाव आणि खरेदीच्या काट्यावर दहा तऱ्हेच्या काजूंचा एक भाव. हे कसं होतं, दुकानातले दहा भाव कशावरून ठरतात, आणि काट्यावरच्या एका भावात कोणाचं किती जातं, हे आज हिशेब मांडून बघायचं आहे. हिशेब शाळेतल्या त्रैराशिकाइतकाच आहे, घाबरू नका.

बरणीवरचा नंबर

चांगल्या प्रतीच्या काजूच्या डब्यावर डब्ल्यू १८०, डब्ल्यू २१०, डब्ल्यू २४०, डब्ल्यू ३२० असं लिहिलेलं असतं. बऱ्याच जणांना वाटतं नंबर मोठा म्हणजे काजू मोठा. आहे नेमकं उलट. डब्ल्यू म्हणजे पांढरा अख्खा गर, आणि पुढचा आकडा म्हणजे एका पौंडात, ४५४ ग्रॅममध्ये, जास्तीत जास्त किती गर बसतात तो. १८० नंबरचा काजू पौंडात १८० पर्यंत बसतो, ३२० चा तीनशे ते तीनशे वीस, ४५० चा चारशे ते साडेचारशे. आकडा लहान तेवढा गर मोठा.

आता आपल्याकडे किलो असताना हा पौंड कुठून आला? काजूचं झाड पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून आणलं, हे तुम्हाला माहीत आहे. पण गर काढून, डब्यात भरून विकण्याचा मोठा धंदा उभा राहिला तो केरळात कोल्लमला, आणि १९२० च्या दशकापासून तो माल अमेरिकेला जायला लागला. गिऱ्हाईक पौंडात मोजणारं, म्हणून प्रती पौंडात ठरल्या, आणि त्या तशाच राहिल्या. पंचवीस पौंडांचा डबा, म्हणजे ११.३४ किलो, हे मापही तिथलंच.

तुम्हाला घरी पडताळा घ्यायचा असेल तर पाव किलोचं पाकीट फोडा आणि गर मोजा. शंभरच्या आत भरले तर तो १८० नंबर. एकशे पंधराच्या आसपास भरले तर २१०. एकशे तीसच्या आसपास २४०. एकशे पंच्याहत्तरपर्यंत गेले तर ३२०. अडीचशेच्या जवळ गेले तर तुम्हाला ४५० नंबर मिळालेला आहे, पाकिटावर काहीही छापलेलं असो.

मोठा गर महाग का? चवीमुळे नाही. १८० आणि ३२० डोळे मिटून खाल्ले तर चवीत मोठा फरक सांगता येणार नाही. मोठा गर महाग आहे तो कमी मिळतो म्हणून. जगातल्या बहुतेक काजूच्या झाडांना मध्यम किंवा बारीक बी लागते. दिवाळीची भेट, लग्नाचा आहेर, हॉटेलातलं ताट, इथे लोकांना मोठा गर हवा असतो. मागणी आहे, माल थोडा आहे, भाव वर जातो.

मोडला की भाव पडला

नंबर फक्त अख्ख्या गराला असतो. गर मोडला की तो या रांगेतून बाहेर पडला. उभा दोन भागांत सुटला तर पाकळी. आडवा मोडला तर तुकडा, त्यातही मोठा तुकडा, बारीक तुकडा आणि शेवटी कणी. प्रत्येक पायरीला भाव खाली. खाताना तोच काजू, पण ताटात अख्खा दिसत नाही. म्हणून तुकडा जातो मिठाईत, आईस्क्रीममध्ये, हॉटेलच्या रश्शाच्या वाटणात. काजूकतलीत अख्खा १८० नंबर वाटून घालणारा हलवाई अजून जन्मायचा आहे.

आता अख्खा गर काढणं किती अवघड आहे ते बघा. बीचं टरफल जाड आणि आत तेल असलेलं. त्या तेलाने कातडी भाजते, ओले काजू सोलणाऱ्या आपल्या बायकांच्या बोटांकडे बघितलं की कळतं. कारखान्यात बी आधी उन्हात वाळवतात, मग वाफेवर शिजवतात, म्हणजे टरफल सुटायला येतं. थंड झाल्यावर एकेक बी पात्याखाली धरून फोडतात. आतला गर तपकिरी सालीत असतो. तो भट्टीत वाळवतात, साल सैल होते, मग ती सोलायची. त्यानंतर हाताने निवड, नंबर लावणे आणि हवाबंद पॅकिंग.

या सगळ्या वाटेवर गर मोडायच्या जागा पदोपदी आहेत. वाफ कमी झाली तर फोडताना मोडतो. भट्टीत जास्त वाळला तर सोलताना पाकळी होते. म्हणून हे काम करणारीचा हात महत्त्वाचा. एका पोत्यातून किती अख्खे निघाले यावर त्या पोत्याचा नफा-तोटा ठरतो, आणि तो ठरतो फोडणीला आणि सोलायला बसलेल्या बाईच्या बोटांत. दुकानातल्या पाकळी आणि अख्ख्यातला भावाचा फरक म्हणजे बऱ्याच अंशी त्या कसबाची किंमत आहे. ती तिच्या मजुरीत किती उतरते, हा वेगळ्या व्याख्यानाचा विषय.

रंग आणि ताजेपणा

तिसरी गोष्ट रंग. पांढरा किंवा फिकट हस्तिदंती गर वरच्या प्रतीत. भट्टीत जरा जास्त लागून तांबूस झाला तर तो खालच्या प्रतीत, भाव कमी. आतून तो बिघडलेला नसतो, चवीला उलट जरा खमंग लागतो. डाग असेल, सुरकुतलेला असेल, तर आणखी खाली.

म्हणजे आतापर्यंत आपण तीन मोजमापं बघितली: आकार, अखंडपणा आणि रंग. तिन्ही डोळ्यांची आहेत. जिभेचं एकही नाही. हा गर कधीच्या बीचा आहे, बी कुठल्या झाडाची आहे, ती किती महिने गोदामात पडली होती, यातलं काहीही त्या नंबरात येत नाही. सहा महिने जुन्या बीचा गरही १८० नंबरचा असू शकतो. जुना गर गोडी हरवतो, पुढे खवट होतो, पण बरणीबाहेरून ते दिसत नाही. हे लक्षात ठेवा, याच्याकडे परत यायचं आहे.

इथे ओल्या काजूगराचा एक शब्द सांगायलाच हवा. फेब्रुवारी-मार्चमध्ये उसळीसाठी जो ओला गर आपण घेतो तो शेकड्यावर मोजून मिळतो. त्याला नंबर नाही, डबा नाही, आणि भाव सुक्या गरालाही लाजवील असा. का? कारण तिथे गिऱ्हाईक नेमक्या ताजेपणाचेच पैसे देतं, आणि सोलणारीच्या भाजलेल्या बोटांचे. ताज्या मालाला भाव मिळत नाही असं जे म्हणतात, त्यांनी मार्चमध्ये बाजारात यावं.

बोटीने येणारी बी

आता जरा लांब जाऊ. भारतातल्या कारखान्यांना जेवढी काजू बी लागते तेवढी देशात पिकत नाही. अलीकडच्या वर्षांत निम्म्याहून जास्त बी बाहेरून येते, मुख्यतः आफ्रिकेतून: आयव्हरी कोस्ट, घाना, बेनिन, गिनी-बिसाऊ, टांझानिया. आयव्हरी कोस्ट आज कच्च्या बीच्या उत्पादनात जगात पहिला आहे. बी सोलून गर निर्यात करण्यात व्हिएतनाम पहिला. आणि खाण्यात आपण.

आपला हंगाम फेब्रुवारी ते मे. पश्चिम आफ्रिकेचा हंगामही साधारण त्याच महिन्यांत. टांझानियाचा ऑक्टोबरनंतर. म्हणजे कुडाळात एप्रिलमध्ये बीला काय भाव मिळणार हे ठरवताना व्यापाऱ्याच्या डोक्यात आबिदजानचा भाव, बोटीचं भाडं आणि आयात शुल्क हे सगळं असतं. त्याला बाहेरची बी अमुक रुपयांत पोहोच मिळत असेल, तर इथल्या बीला तो त्याच्या फार वर जाणार नाही.

आयात शुल्काचं गणित ऐका. २०१८ च्या अर्थसंकल्पात कच्च्या बीवरचं शुल्क ५ टक्क्यांवरून २.५ टक्क्यांवर आणलं. मागणी कारखानदारांची होती, आणि त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. बी मिळाली नाही तर कारखाना सहा महिने बंद राहतो, आणि कामावरच्या बायका घरी बसतात. पुढच्या वर्षी, जून २०१९ मध्ये, तयार गराच्या आयातीला किमान दर लावला: अख्खा गर किलोला ७२० रुपयांच्या खाली आणता येणार नाही, तुकडा ६८० च्या खाली नाही. व्हिएतनामचा स्वस्त गर अडवायला हे केलं.

दोन्ही निर्णय शेजारी ठेवून बघा. गराला भिंत, बीला उघडं दार. कारखान्याला दोन्हीकडून आधार मिळाला. बी विकणाऱ्या बागायतदाराला मात्र साऱ्या आफ्रिकेशी स्पर्धा. २०२४ च्या हंगामात इथे बीचा दर फार खाली आला तेव्हा राज्य सरकारने किलोला १० रुपये अनुदान जाहीर केलं, कमीत कमी ५० किलो आणि जास्तीत जास्त २,००० किलोपर्यंत. शेजारी गोव्यात त्याआधी, २०२३ मध्ये, आधारभाव १२५ वरून १५० रुपये केला होता. आपल्याकडची सगळी चर्चा त्या दहा रुपयांभोवती आणि गोव्याशी तुलना करण्यात फिरत राहिली. माझं म्हणणं, त्या चर्चेत एक मोठा आकडा आलाच नाही. तो आता मांडतो.

उतारा

ऊस पिकवणाऱ्या भागातला माणूस उतारा हा शब्द झोपेतही सांगेल. टनभर उसातून किती साखर निघाली तो उतारा. काजूलाही तसाच उतारा असतो. शंभर किलो बीतून किती किलो गर निघाला? काही बीतून ३० किलो निघतो, काही बीतून २५.

समजा बीचा दर १२० रुपये आहे. हा आकडा हिशेबापुरता धरू. शंभर किलोचे झाले १२,००० रुपये. ३० किलो गर निघाला तर गराला बीचा खर्च पडला किलोला ४०० रुपये. २५ किलो निघाला तर ४८०. कारखान्याची वाफ, वीज, मजुरी दोन्हीकडे जवळपास तेवढीच. म्हणजे पहिल्या बीत कारखान्याला गरामागे ८० रुपये आधीच सुटले.

आता उलटा हिशेब करा. २५ टक्के उताऱ्याच्या बीचा गरसुद्धा ४०० लाच पडायचा असेल, तर ती बी किती रुपयांनी घ्यायला हवी? १०० रुपयांनी. म्हणजे १२० आणि १००. दोन बीतला न्याय्य फरक किलोला २० रुपये, आणि तोही फक्त उताऱ्याचा, गराच्या आकाराचा धरलेलाच नाही. दोन टन बी विकणाऱ्याला ४०,००० रुपये. अनुदान घेतलं असतं तर त्याच दोन टनांवर मिळाले असते २०,०००.

आता आकारही धरू. वेंगुर्ल्याच्या प्रादेशिक फळ संशोधन केंद्राने, म्हणजे आपल्या कोकण कृषी विद्यापीठाच्या केंद्राने, काजूच्या जाती काढल्या. वेंगुर्ला-४ ही १९८१ ची, वेंगुर्ला-७ ही १९९७ ची. वेंगुर्ला-४ ची बी सरासरी ७.७ ग्रॅम, उतारा ३१ टक्के. वेंगुर्ला-७ ची बी १० ग्रॅम, उतारा साडेतीस. गुणाकार करा. वेंगुर्ला-७ च्या एका बीत तीन ग्रॅमचा गर. साल काढल्यावर थोडा घटतो. पौंडात बसतील साधारण एकशे साठ. म्हणजे १८० नंबरात आरामात. वेंगुर्ला-४ चा गर २१० नंबरात.

आफ्रिकेची बी घ्या. किलोत दोनशे बिया, म्हणजे एक बी पाच ग्रॅमची. २७ टक्के उतारा धरला तर गर सव्वा-दीड ग्रॅमच्या मधला. पौंडात तीनशेहून जास्त. जगाच्या बाजारात ३२० आणि त्याच्या पुढच्या नंबरांचा सुकाळ आहे तो यामुळे. आणि ज्या मोठ्या नंबरांचा तुटवडा म्हणून त्यांना चढा भाव, तेच नंबर आपल्या कलमांना लागतात.

मग बागायतदाराला तो भाव का मिळत नाही? कारण त्याच्या पोत्यात वेंगुर्ला-७, वेंगुर्ला-४ आणि बांधावरच्या जुन्या गावठी झाडांची बी एकत्र असते. व्यापाऱ्याला आत काय आहे ते कळत नाही. जे कळत नाही त्याचा धोका तो दरातून कापून घेतो. यात त्याला लबाड म्हणायचं कारण नाही. तुम्ही-आम्हीही बंद पेटी घेताना तेच करतो. पण परिणाम असा होतो की उत्तम बीवाल्याचे पैसे पोचट बीवाल्याकडे जातात, आणि उरलेले कारखान्यात.

फोडून बघा

याच्यावर उपाय आहे, जुना आहे, आणि तो आयातीच्या धंद्यात रोज वापरला जातो. आफ्रिकेची बी कोणी डोळ्यांनी बघून घेत नाही. बोटीत भरताना आणि उतरवताना नमुना काढतात, फोडतात, तोलतात. तिथला आकडा असा: ८० किलोच्या पोत्यातून किती पौंड गर. ४८ म्हणजे साधारण २७ टक्के. करारात आकडा लिहिलेला असतो, त्याच्या खाली प्रत्येक पौंडाला पैसे कापतात, फारच खाली गेला तर माल नाकारतात. त्या मापात आपली ३० टक्क्यांची बी ५३ च्या जवळ जाते. म्हणजे सात समुद्रापलीकडची बी पौंडापौंडाने तपासली जाते आणि शेजारच्या गावची बी मुठीत घेऊन.

ही तपासणी तुम्ही घरी करू शकता. वेगवेगळ्या पोत्यांतून वरून, मधून, तळातून मिळून एक किलो बी घ्या. आधी मोजा: किलोत किती बिया? एकशे तीसच्या आसपास भरल्या तर वेंगुर्ला-४ ची जात, शंभर भरल्या तर वेंगुर्ला-७. मग सगळ्या फोडा. हाताला खोबरेल नाहीतर राख लावायला विसरू नका. चांगले गर एका बाजूला, किंचित डागी दुसऱ्या बाजूला, पोचट आणि कुजके तिसऱ्या. चांगल्यांचं सालीसकट वजन पूर्ण धरा, डाग्यांचं अर्धं, तिसऱ्या ढिगाचं शून्य. जे ग्रॅम येतील त्याला दहाने भागलं की टक्के. ३०० ग्रॅम म्हणजे ३० टक्के. पौंडाचा आकडा हवा असेल तर ग्रॅमला ०.१७६ ने गुणा.

उतारा वाढवणंही काही अंशी हातात आहे. बोंडू पिकून आपोआप पडलं की त्याची बी भरलेली. हिरवं असताना काठीने पाडलं की पोचट. शंका असेल तर बी पाण्यात टाका, पोचट वर तरंगते. नंतर दोन-तीन दिवस कडक ऊन द्या. पाण्याचं वजन विकायचा मोह होतो, पण ओली बी पोत्यात काळी पडते आणि तो डाग फोडताना दिसतोच. आणि शेवटचं: कलमाची बी आणि गावठी बी वेगळ्या पोत्यांत. एवढं केलं नाही तर बाकीचं सगळं फुकट.

एकट्या बागायतदाराने दोन पोत्यांसाठी नमुना फोडा म्हटलं तर व्यापारी हसेल. दहा-वीस जणांनी बी एकत्र केली, संस्थेने नमुना फोडून आकडा लिहिला, आणि मग चार कारखान्यांना बोलावलं, तर कोणी हसणार नाही. टांझानियात शेतकऱ्यांचा काजू सहकारी संस्थांमार्फत गोदामात जमा होतो, तिथे प्रत लागते, आणि मग लिलाव होतो. २००७ पासून ही पद्धत तिथे सुरू आहे. तिच्यातही भांडणं आहेत, पैसे उशिरा मिळतात अशा तक्रारी आहेत. पण निदान बी बघून भाव ठरतो.

इतक्या लांब कशाला? उसाचा कायदेशीर दर उताऱ्यावरच बांधलेला आहे. २०२४-२५ च्या हंगामात १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलला ३४० रुपये, आणि वर प्रत्येक ०.१ टक्क्याला ३ रुपये ३२ पैसे जास्त. दूध फॅटवर जातं. घाटावरच्या शेतकऱ्याचा ऊस आणि दूध तपासून घेतलं जातं, आणि कोकणातल्या शेतकऱ्याचा काजू काट्यावर टाकून. हमीभाव मागा, जरूर मागा. पण हमीभाव सरसकट असतो, तो चांगल्या-वाईट बीला एकच पैसा देतो. त्याच्या जोडीला उताऱ्याची मागणी नसेल तर चांगली बी पिकवण्याचं कारणच उरत नाही.

नावाची किंमत

शेवटचा मुद्दा नावाचा. वेंगुर्ला काजूला भौगोलिक मानांकन आहे. पण मानांकन आपोआप भाव देत नाही. बरणीवर मालवणी काजू लिहिलेलं असतं तेव्हा आतली बी कुठली, हे सांगायची सक्ती व्यवहारात कोणी पाळत नाही. आफ्रिकेची बी इथे सोलली की तो इथला काजू होतो का? सोलला इथे, पिकला तिथे, असं लिहिलं तर त्यात काही वावगं नाही. न लिहिता इथल्या नावाचा भाव घेतला तर ते वाईट, कारण मग खऱ्या वेंगुर्ल्याच्या बीला वेगळा भाव देण्याचं कोणालाच कारण राहत नाही.

देवगडच्या आंबा उत्पादकांच्या सहकारी संस्थेने २०२५ च्या हंगामात फळागणिक वेगळ्या कोडाचं स्टिकर लावायला सुरुवात केली, नावाचा गैरवापर रोखायला. काजूच्या दाण्याला स्टिकर लागणार नाही. पण पाकिटावर तीन ओळी लागू शकतात: बी कुठली, कुठल्या हंगामाची, नंबर कुठला. ज्या ताजेपणाला नंबरात जागा नाही म्हणून मघाशी सांगितलं, त्याला अशी जागा मिळते. आणि ताजेपणात आपण आफ्रिकेच्या बोटीला कधीही हरवू, कारण आपली बी समुद्र ओलांडत नाही.

श्रोत्यांचे प्रश्न

*आमच्या काजीचो गर मोठो, चव बरी, मगे दर कित्याक गावना नाय?*

कारण तुमची बी चांगली आहे हे फक्त तुम्हाला माहीत आहे. घेणाऱ्याला ते आकड्यात दिसायला हवं. या हंगामात एक किलो फोडून आकडा लिहून ठेवा, वाडीतल्या दोघा-चौघांनाही फोडायला सांगा. पुढच्या वर्षी बोलणी करताना हातात कागद असेल.

*आफ्रिकेचा काजू खाऊ नये का?*

खावा की. चांगली वाळवलेली, वेळेत सोललेली बी कुठल्याही देशाची चांगलीच. आणि मेनंतर आपले कितीतरी कारखाने त्याच बीवर चालतात, हे विसरून चालणार नाही. फक्त तिला तिच्या नावाने आणि तिच्या भावाने विकावं.

*घरी रोजच्या खाण्याला कुठला घ्यावा?*

पाहुण्यांसमोर ठेवायचा नसेल तर पाकळी घ्या, ताजी बघून. पैसे वाचतात, चव तीच. भाजीत, शिऱ्यात तुकडा. सालीचा काजू आवडत असेल तर तोही चांगला, सालीमुळे तो जरा जास्त टिकतो. आणि मोठा नंबर घेतलात तर घरी जाऊन एकदा मोजा. मोठ्या आकाराचे पैसे दिलेत, तर तो आकार मिळालाय की नाही हे बघायचा हक्क तुमचा आहे.

*व्यापारी नमुना फोडायला तयार होतील?*

दोन पोत्यांसाठी नाही होणार. ट्रकभर बी एका जागी आणि एका प्रतीची असेल तर होतील, कारण त्यात त्यांचाही धोका कमी होतो. आज ते अंदाजाने घेतात आणि कधीकधी स्वतःही फसतात. म्हणून सुरुवात आपल्या बाजूने, पोती वेगळी करण्यापासून. त्याला ना सरकारी आदेश लागतो, ना अनुदान.

वेळ झाली, थांबतो.